विश्लेषण : पिठाच्या गोळ्याला ट्राउट का फसतो? अमेरिकेतील तलावांत ‘सोडलेल्या’ माशांवरून वाद का?

एप्रिल उजाडला की अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत तलावांच्या काठी घडीच्या खुर्च्या दिसू लागतात. शेजारी थंड पेयांची पेटी, दगडाला किंवा खुंटीला टेकवलेली गळाची काठी आणि काचेची एक छोटी बरणी. बरणीत भडक पिवळा, नारिंगी किंवा गुलाबी लगदा. त्याला उग्र वास येतो आणि कधी कधी त्यात चमकीही मिसळलेली असते. चिमूटभर लगदा घ्यायचा, गळावर थापायचा, पाण्यात फेकायचा आणि वाट पाहायची. ट्राउट पकडण्याची याहून सोपी पद्धत नसावी. कृत्रिम माशी लावून नदीत ट्राउट पकडणारे हौशी लोक या बरणीला नाके मुरडतात, पण परवाना काढणाऱ्या सामान्य कुटुंबांच्या हाती बहुधा हीच बरणी असते. या पिठामागे सरकारी मत्स्यकेंद्रे, परवान्यांचा महसूल, बेडकांची एक संकटग्रस्त प्रजाती आणि तापत चाललेले पाणी अशी लांबलचक साखळी आहे. ती आता अनेक ठिकाणी ताणली जाऊ लागली आहे.

हा गोळा नेमका काय आहे?

आपल्याकडे तळ्यावर गळ टाकून बसणारे रोहू, मृगळ किंवा सायप्रिनस मिळावा म्हणून कणकेचा गोळा लावतात. त्यात कोणी हळद घालते, कोणी हिंग, कोणी पेंड. अमेरिकेतील ट्राउटचे पीठ याच कल्पनेचे कारखान्यातून आलेले रूप म्हणता येईल. आपला कणकेचा गोळा मात्र तळाशी जाऊन बसतो आणि हे पीठ पाण्याहून हलके असल्याने वर उचलले जाते. आयोवा राज्यातील स्पिरिट लेक येथील बर्कली या कंपनीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘पॉवरबेट’ नावाने आमिषांची मालिका बाजारात आणली. ट्राउटसाठीचे पीठ त्यातले सर्वाधिक ओळखीचे. पुढे इतर कंपन्यांनीही तशीच पिठे काढली, तरी बोलीभाषेत सगळ्यांनाच पॉवरबेट म्हटले जाते. आपल्याकडे वनस्पती तुपाचे ‘डालडा’ झाले, तसेच.

ते तरंगणारे असण्यामागे साधे कारण आहे. तलावाच्या तळाशी शेवाळ आणि पाणवनस्पतींचा थर असतो. त्यात बुडालेले आमिष माशाला दिसत नाही आणि त्याचा वासही दबून जातो. शिवाय ट्राउट तळ उकरत बसणारा मासा नाही, तो तळाच्या थोडा वरून फिरत राहतो. म्हणून मुख्य दोरी भोक असलेल्या शिशाच्या वजनातून ओवली जाते. पुढे एक छोटी फिरकी आणि तिच्यापुढे दीड ते तीन फुटांची बारीक दोरी, तिच्या टोकाला लहानसा गळ. वजन तळाशी बसते, पीठ गळाला घेऊन दीड-तीन फूट वर उभे राहते. मासा आमिष घेऊन निघाला की दोरी वजनातून सरकते, त्यामुळे त्याला शिशाचा भार जाणवत नाही आणि तो आमिष लगेच थुंकून टाकत नाही. जुनेजाणते लोक गळ फेकण्याआधी काठाजवळच्या उथळ पाण्यात गोळा तरंगतो का ते तपासतात. गळ मोठा आणि पीठ कमी असले की सगळे बुडते आणि दिवस फुकट जातो.

मासा वासालाच फसतो का?

बऱ्याच अंशी. ट्राउटचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते आणि पाण्यात विरघळलेली अमिनो आम्ले त्याला ओळखता येतात. पण खरे उत्तर माशाच्या बालपणात आहे. तलावात सोडलेला ट्राउट नदीतले किडे खाऊन वाढलेला नसतो. सिमेंटच्या हौदात, ठरावीक वेळी वरून पडणाऱ्या खाद्यगोळ्यांवर तो वाढलेला असतो. माशांची भुकटी आणि सोयाबीन यांपासून बनवलेला वास येणारा मऊ घास म्हणजेच अन्न, एवढेच त्याला ठाऊक असते. हे पीठ त्या ओळखीच्या घासाच्या जवळ जाते. वाहत्या नदीत जन्मलेल्या जंगली ट्राउटवर ते इतके हमखास चालत नाही. प्रवाहात गोळा झिजून सुटतो आणि वासाची रेघही विखुरते. त्यामुळे स्थिर पाणी, हौदात वाढलेला मासा आणि तरंगते पीठ हे तिन्ही एकत्र आले तरच हे गणित जमते.

हे मासे तलावात येतात कुठून?

टँकरमधून, हे शब्दशः खरे आहे. राज्यांच्या मत्स्य विभागांची मत्स्यबीज केंद्रे असतात, ज्यांना तिकडे हॅचरी म्हणतात. तिथे अंडी उबवून वर्ष-दीड वर्षात मासा दहा-बारा इंचांचा केला जातो. ऑक्सिजन सोडलेल्या टाक्यांच्या ट्रकमधून तो तलावावर आणतात आणि जाड नळीतून थेट पाण्यात सोडतात. अनेक राज्ये कोणत्या तलावात कधी मासे सोडले किंवा सोडणार याची माहिती संकेतस्थळावर देतात आणि ती पाहून लोक गर्दी करतात. दुर्गम डोंगरी सरोवरांत युटासारखी राज्ये बोटुकली विमानातून सोडतात. ते दृश्य पाहिले की मत्स्यपालन आणि सर्कस यांतला फरक थोडा पुसट होतो.

‘सोडा आणि पकडा’ या योजनेत सोडलेल्या माशाने तलावात संसार थाटावा अशी अपेक्षाच नसते. ट्राउटला अंडी घालायला थंड, वाहते पाणी आणि खडीचा तळ लागतो. बहुतेक धरणांत आणि शहरी तलावांत ते नसते. सोडलेले मासे काही दिवस ट्रक आला त्या जागेच्या आसपास झुंडीने फिरतात. त्यांतले बरेच काही आठवड्यांतच पकडले जातात, पक्ष्यांच्या तोंडी जातात किंवा मरतात.

यात सर्वाधिक वापरला जाणारा रेनबो ट्राउट मूळचा पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नद्यांतला. १८७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मॅक्लाउड नदीच्या परिसरात त्याची अंडी गोळा करण्याचे काम सुरू झाले आणि पुढे हा मासा अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांवर पोहोचला. मनालीच्या सहलीत महाराष्ट्रातील पर्यटकांच्या ताटात येणारा ट्राउटही भारताचा मूळ रहिवासी नाही. काश्मीर आणि हिमाचलच्या पाण्यात तो ब्रिटिश काळापासून बाहेरून आणून वाढवलेला आहे.

यासाठी पैसा कोण देतो?

मुख्यतः मासे पकडणारेच. अमेरिकेत सोळा वर्षांवरील व्यक्तीला गोड्या पाण्यात मासे पकडण्यासाठी साधारणतः राज्याचा परवाना घ्यावा लागतो. त्याशिवाय १९५०च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार काठ्या, रिळे, गळ, शिशाची वजने आणि कृत्रिम आमिषे यांवर उत्पादकाकडून १० टक्के केंद्रीय कर घेतला जातो. १९८४ मध्ये या कायद्याची व्याप्ती वाढवून मोटारबोटींच्या इंधनावरील करही त्यात आणला गेला. हा निधी राज्यांना वाटताना ६० टक्के भार परवानाधारकांच्या संख्येला आणि ४० टक्के भार राज्याच्या क्षेत्रफळाला दिला जातो. परवान्यांचा पैसा राज्याने दुसरीकडे वळवायचा नाही, अशीही अट आहे.

याचा परिणाम असा की राज्याच्या मत्स्य विभागासाठी परवानाधारक हा केवळ हौशी नागरिक उरत नाही. तो महसुलाचा स्रोत असतो आणि केंद्रीय निधीतला वाटाही त्याच्या संख्येवर ठरतो. केंद्र सरकारच्या २०२२च्या राष्ट्रीय पाहणीनुसार सोळा वर्षांवरील सुमारे ३ कोटी ९९ लाख अमेरिकनांनी त्या वर्षी मासेमारी केली. त्यांतल्या नवख्यांना, मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांना, वृद्धांना आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना तलावाचा काठ आणि पिठाची बरणी परवडते. डोंगरात चार तास चालून जाणे प्रत्येकाला जमत नाही. त्यामुळे मासे सोडणे थांबवा असे म्हणणाऱ्यांना विभागातील अधिकारी पहिला प्रश्न विचारतात तो परवान्यांचा.

कॅलिफोर्नियाने तर हा हिशेब कायद्यातच लिहून टाकला. २००५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने मासेमारी परवान्यांच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग हॅचऱ्या आणि गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायासाठी राखून ठेवला. विकल्या गेलेल्या प्रत्येक परवान्यामागे २.७५ पौंड, म्हणजे सुमारे सव्वा किलो ट्राउट पाण्यात सोडण्याचे लक्ष्यही ठरवले. नागरिक आणि राज्य यांच्यातला करार इतक्या उघडपणे किलोत मोजलेला क्वचितच आढळेल.

मग वाद कशाचा?

सोडलेला मासा कुठे सोडला जातो याचा. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेतील उंचावरची बहुतेक सरोवरे मूळची मासेविरहित होती. हिमनद्यांनी कोरलेल्या त्या खोलगटांपर्यंत धबधबे ओलांडून मासे पोहोचूच शकत नव्हते. एकोणिसाव्या शतकापासून आधी खेचरांच्या पाठीवरून, नंतर विमानातून तिथे ट्राउट नेण्यात आले. या सरोवरांत पिवळ्या पायांचा पहाडी बेडूक राहत असे. त्याची पिल्ले बेडूक होईपर्यंत दोन-तीन हिवाळे पाण्यात काढतात, त्यामुळे तळापर्यंत न गोठणारी खोल सरोवरेच त्यांना चालतात. ट्राउटलाही नेमकी तीच सरोवरे लागतात. मासे आले आणि बेडूकपिल्ले खाल्ली गेली. वरून कायट्रिड बुरशीचा रोग आला. एकेकाळी विपुल असलेला हा बेडूक आपल्या ९० टक्क्यांहून अधिक ठिकाणांवरून नाहीसा झाला आणि २०१४ मध्ये केंद्र सरकारने त्याला संकटग्रस्त जाहीर केले.

योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मासे सोडणे १९९१ मध्येच थांबले होते. राज्याच्या अखत्यारीतील पाण्याबाबत मात्र २००६ मध्ये पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या. परिणामांचा अभ्यास पूर्ण होईपर्यंत अनेक ठिकाणी मासे सोडू नयेत, असे न्यायालयाने २००८ मध्ये बजावले आणि २०१० मध्ये राज्याचा अहवाल आला. त्यानंतर उंचावरची अनेक सरोवरे यादीतून वगळली गेली. काही सरोवरांतून जाळी लावून ट्राउट काढण्यात आले. योसेमिटीमध्ये रोगाला तोंड देऊ शकणारे बेडूक पुन्हा सोडल्यानंतर त्यांची संख्या टिकून असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. मासे काढले की बेडूक परततात, हे आता केवळ अनुमान राहिलेले नाही.

दुसरा मुद्दा नद्यांचा. हॅचरीतला रेनबो स्थानिक कटथ्रोट ट्राउटशी संकरित होतो आणि मूळ वंश पातळ होत जातो. रोगही सोबत येतो. युरोपातून आलेला ‘व्हर्लिंग डिसीज’ अनेक राज्यांत बाधित हॅचरी माशांबरोबर पसरला. मोंटाना राज्याचा अनुभव यात सर्वांत बोलका आहे. तिथल्या मॅडिसन नदीवर झालेल्या अभ्यासात दिसले की हॅचरीतले मासे सोडणे बंद केलेल्या पट्ट्यात जंगली ट्राउट वाढले. सोडलेले मासे नदीत भर घालत नव्हते, आधीच्यांना हुसकावत होते. १९७४ मध्ये मोंटानाने नद्यांत ट्राउट सोडणे थांबवले. आज त्या नद्यांवर जगभरातून लोक येतात.

मोंटानाने तलावांत आणि धरणांत मासे सोडणे मात्र चालूच ठेवले. या सगळ्या भांडणात तीच तडजोड सर्वाधिक शहाणपणाची वाटते. ज्या पाण्यात ट्राउट मुळात जन्मू शकत नाही आणि जिथे हुसकावले जावे असे कोणी नाही, तिथे हौदातला मासा सोडला तर नुकसान कमी आणि आनंद जास्त. बंदिस्त धरणाच्या काठावर पिठाचा गोळा लावून बसलेल्या कुटुंबाला आणि डोंगरातल्या बेडकाला एकमेकांविरुद्ध उभे करण्याची गरज नाही. फक्त टँकर आणि विमान कोणत्या पाण्यावर जाते, एवढे पाहायला हवे. आयडाहोसारखी काही राज्ये आणखी एक खबरदारी घेतात. फलित अंड्यांना उष्णतेचा किंवा दाबाचा धक्का दिला की गुणसूत्रांचे तीन संच असलेले वंध्य मासे तयार होतात. ते निसटून नदीत गेले तरी संकर करू शकत नाहीत.

पकडून सोडून दिला तर?

इथे पिठाची बाजू कमकुवत पडते. आमिष तळाजवळ स्थिर असते, दोरी सैल असते, माणूस खुर्चीत बसलेला असतो. तोवर मासा गोळा गिळून मोकळा होतो आणि गळ घशात किंवा त्याही खाली रुततो. अनेक अभ्यास एकत्र करून १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार आमिषावर पकडून सोडलेल्या ट्राउटपैकी सुमारे ३१ टक्के दगावत होते. कृत्रिम माशी किंवा धातूच्या चमच्यावर पकडलेल्यांत हे प्रमाण ४ ते ५ टक्केच होते. त्यातले आमिष म्हणजे सगळेच काही पीठ नव्हते, पण गिळले जाण्याची अडचण तीच.

म्हणून ‘फक्त कृत्रिम आमिष’ असा नियम असलेल्या पाण्यात हे पीठ चालत नाही. ते कारखान्यात बनते, मग कृत्रिम नाही का, असा युक्तिवाद करणारे भेटतात. कोलोरॅडोने ती पळवाट व्याख्येतच बुजवली आहे. वास किंवा चवीने मासा आकर्षित करणारा, हाताने मळता येणारा कोणताही पदार्थ तिथे कृत्रिम आमिष धरला जात नाही. नियम कडक वाटला तरी तर्क सरळ आहे. पिठाने मासेमारी करणाऱ्याने पकडलेला मासा घरी नेऊन खावा आणि मर्यादा पूर्ण झाली की गळ गुंडाळावा. कॅलिफोर्नियातील बहुतेक तलावांत ही मर्यादा दिवसाला पाच ट्राउटची आहे. नियमाप्रमाणे लहान निघालेला किंवा नको असलेला मासा खोल गळ गिळून आला असेल, तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापून सोडणे त्याच्या जगण्याच्या दृष्टीने बरे.

पाणी तापले की काय होते?

ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. २० अंशांच्या वर त्याची दमछाक सुरू होते. उन्हाळ्यात धरणाच्या पाण्याचे थर पडतात. वरचा थर तापलेला, तळाचा थंड पण प्राणवायू आटलेला. ट्राउट मधल्या अरुंद पट्ट्यात कोंडला जातो. तेव्हा तळापासून दोन फुटांवर उभा राहिलेला पिठाचा गोळा कितीही वासाचा असला तरी व्यर्थ, कारण तिथे मासाच नसतो. म्हणूनच सखल आणि उष्ण भागांतील तलावांत मासे उन्हाळ्यात सोडत नाहीत, थंडीच्या महिन्यांत सोडतात. पाणी तापलेले राहण्याचे दिवस वाढले की हा हंगाम दोन्ही बाजूंनी आखडतो.

हॅचऱ्यांनाही तीच झळ बसते. २०१४च्या दुष्काळात फॉलसम धरणातून येणारे पाणी माशांना सोसणार नाही इतके तापेल, या भीतीने कॅलिफोर्नियाने अमेरिकन रिव्हर हॅचरीतले मासे आधीच बाहेर काढले. रोगाचा फटका याहून मोठा होता. २०२० मध्ये ब्लॅक रॉक, फिश स्प्रिंग्ज आणि मोहावी रिव्हर या तीन हॅचऱ्यांत लॅक्टोकोकस गटातील जिवाणूचा प्रादुर्भाव झाला. उपचार लागू पडेनात, तेव्हा सुमारे ३२ लाख मासे मारावे लागले. पुढे माशांना लस टोचण्याची मोहीम झाली. तरीही २०२२ मध्ये यांपैकी दोन हॅचऱ्यांत रोग परतला आणि सुमारे साडेतीन लाख मासे नष्ट करण्यात आले. पूर्व सिएरातील बिशप किंवा मॅमथ लेक्ससारख्या गावांत मोटेलवाले, आमिषविक्रेते, खानावळी यांचा हंगाम ट्राउटवर अवलंबून असतो. एका हौदातला जिवाणू त्यांच्या गल्ल्यापर्यंत पोहोचतो तो असा.

परवाने का घटत आहेत?

कॅलिफोर्नियात १९८०च्या सुमारास वर्षाला वीस लाखांहून अधिक परवाने विकले जात. हा आकडा पुढे जवळपास निम्म्यावर आला, लोकसंख्या मात्र वाढत गेली. शहरी जीवन, महाग झालेला प्रवास, मुलांच्या हातातला मोबाइल अशी कारणे दिली जातात. पण राज्याने स्वतःही एक चूक वर्षानुवर्षे केली. परवाना केव्हाही घेतला तरी ३१ डिसेंबरला संपायचा. ऑगस्टमध्ये पैसे मोजणाऱ्याला जेमतेम चार-पाच महिने मिळत. २०२३ पासून परवाना घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो. पहिल्यांदा गळ हातात घेणाऱ्यांसाठी राज्य वर्षातून दोन दिवस विनापरवाना मासेमारीलाही मुभा देते. बे एरियातील मराठी कुटुंबांपैकी ज्यांना आधी हौस आहे का ते पाहायचे असेल, त्यांना हे दिवस सोयीचे. मर्यादा आणि इतर नियम त्या दिवशीही लागू असतात.

हॅचरीचा खर्च मात्र परवान्यांबरोबर कमी होत नाही. पंप तितकेच चालतात, हौद तितकेच धुवावे लागतात, खाद्य महाग होत जाते आणि रोगावरच्या लसींचा खर्च नव्याने वाढलेला आहे. त्यातच २००५च्या कायद्याने माशांचे वजन परवान्यांच्या संख्येला बांधून ठेवले आहे. परवाने घटले की सोडायच्या ट्राउटचे लक्ष्यही खाली येते. मासे कमी लागू लागले की पुढच्या वर्षी परवाना काढायला आणखी काही जण येत नाहीत.